नाव असलेलं कॉलेज की लेकीला आवडलेलं?

प्रश्न बार्शीच्या एका वडिलांचा आहे. थोडक्यात असा: मुलगी बार्शीतूनच बारावी झाली, सीईटीला मार्क चांगले आहेत. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहता पुण्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात मेकॅनिकल मिळेल, किंवा शहराच्या कडेला असलेल्या, फारसं नाव नसलेल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. मुलगी दोन्हीकडे जाऊन आली आणि तिला दुसरं आवडलं. मामा पुण्यात नोकरीला आहेत, त्यांचं म्हणणं, "शाखेचं काय घेऊन बसलात, नाव बघा. बायोडेटावर नाव लागतं." घरातली ती पहिली इंजिनिअर. वडिलांचं छोटं दुकान आणि चार एकर रान. काय करावं?

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यापासून जून-जुलैत ओळखीपाळखीच्या मुलांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचे फॉर्म, भरायला बसणं हा माझा बिनपगारी उद्योग आहे. तेव्हा आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. मी तुमच्या जागी असते तर दुसरं कॉलेज वर टाकलं असतं, पण काही गोष्टी स्वतः जाऊन बघितल्यावर. आणि मामांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तुमच्या घरासाठी तर नाहीच. ते का, ते पुढे येईल.

पुण्यात कॉलेजच्या नावाचं वेड जुनं आहे. १८५४ साली सुरू झालेला इंजिनिअरिंगचा वर्ग आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून उभा आहे. फर्ग्युसन १८८५ चं, एसपी १९१६ चं. इथे आजोबा, मुलगा आणि नात एकाच कॉलेजची असतात आणि लग्नाच्या बैठकीतही ते हळूच सांगून होतं. पण पीआयसीटी, व्हीआयटी, एमआयटी या ज्या कॉलेजांसाठी आज पालक रात्र रात्र कटऑफ चाळतात, ती १९८३ ची आहेत. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्या वेळची. तेव्हा विनाअनुदानित म्हटलं की नाकं मुरडणारी माणसं मी माझ्याच घरात पाहिली. आमचे काका त्यांत सगळ्यांत पुढे. त्यांचाच नातू पुढे अशाच एका कॉलेजात लागला, तेव्हा काकांनी सोसायटीभर पेढे वाटले!

सांगायचा मुद्दा, नाव उशिरा येतं आणि उशिरा जातं. एखाद्या विभागातले चार चांगले मास्तर निवृत्त झाले, तर मुलांना ते पुढच्या सेमिस्टरलाच कळतं. बार्शीपर्यंत ती बातमी पोचायला दहा वर्षं जातात. उलटही होतं. नवा विभागप्रमुख येतो, धूळ खात पडलेली लॅब उघडतो, आणि त्याचं श्रेय त्याला मिळतं तोवर तो निवृत्तीला आलेला असतो.

शिवाय नाव असतं संस्थेचं आणि शिकायचं असतं एका विभागात. नॅक आणि एनबीए या दोन्ही गुणवत्ता तपासणाऱ्या संस्था. नॅकची श्रेणी सबंध कॉलेजला मिळते, एनबीएचं मानांकन मात्र एकेका अभ्यासक्रमाला. एकाच इमारतीत कॉम्प्युटरला एनबीए आहे आणि शेजारच्या विभागाचं संपून गेलंय, असं सर्रास दिसतं. फलकावर 'एनबीए मानांकित' एवढंच मोठ्या अक्षरांत असतं, कुठली शाखा आणि कुठल्या सालापर्यंत हे विचारावं लागतं. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, तीही तशीच बघा. इंजिनिअरिंगच्या यादीत शंभरातले तीस गुण संशोधनाला आहेत, म्हणजे शोधनिबंध, पेटंट वगैरे. पीएचडी करणाऱ्याला त्याचं मोल आहे. दुसऱ्या वर्षाला सर्किट थिअरीत अडकलेल्या तुमच्या मुलीपर्यंत ते क्वचितच पोचतं. आणखी दहा गुण तर निव्वळ 'लोकांना काय वाटतं' याला, म्हणजे नावालाच!

आता मामांची बाजू. नावाजलेल्या कॉलेजात कंपन्या जास्त येतात, हे खरं आहे. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दोनशे कॉलेजं हिंडायची नसतात, ते दहा ठरवतात. त्यांतल्या बऱ्याच कंपन्या सगळ्या शाखांच्या मुलांना बसू देतात, त्यामुळे मेकॅनिकलची मुलंही सॉफ्टवेअरला लागतात. वर्गात भोवती हुशार मुलं असतात, सीनियर चांगल्या ठिकाणी असतात, एका फोनवर इंटर्नशिप मिळते. मामा हे रोज बघत असणार.

या विषयावर अमेरिकेतला एक अभ्यास मला नेहमी आठवतो. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी तो २००२ साली प्रसिद्ध केला. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळण्याजोगी मुलं घ्या. काही तिथे गेली, काही मिळत असूनही साध्या कॉलेजात गेली. पुढे दोघांच्या कमाईत किती फरक पडला? सरासरी बघितली तर फारसा नाही. हुशारी मुलांची होती, ती त्यांच्याबरोबर दुसऱ्या कॉलेजात गेली. पण त्याच अभ्यासात एक अपवाद निघाला. गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. अमेरिकेचं गणित जसंच्या तसं पुण्याला लागू होत नाही, तरी हा अपवाद मला पटतो, कारण मी तो वर्गात बघितला आहे. कोथरूडच्या इंजिनिअर बापाच्या मुलाला कॉलेजनं ओळखी दिल्या नाहीत तरी चालतं, त्या घरात असतातच. तुमच्या मुलीच्या बाबतीत त्या कॉलेजनंच द्यायच्या आहेत. म्हणून मामांचं म्हणणं तुमच्या घरासाठी जास्त खरं आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या कॉलेजाला कडक प्रश्न विचारायचे आहेत.

मग तरीही मी दुसरं का म्हणते?

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल डोळ्यांसमोर आणा. वीस मुलांची बॅच, पाच टेबलं, टेबलामागे चौघं. टेबलावर एक सीआरओ, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, एक फंक्शन जनरेटर, आणि सर्किट जोडायचा एक ब्रेडबोर्ड. मी लॅबच्या दारातून आत आले की आधी एकच बघायचे, प्रोब, म्हणजे सीआरओची सर्किटला टेकवायची वायर, कुणाच्या हातात आहे. चौघांत तो एकाच्याच हातात असायचा, आणि सेमिस्टरभर त्याच्याच. दुसरा वायरी खोचायचा. तिसरी रीडिंग लिहायची, अक्षर चांगलं म्हणून. चौथा खिडकीबाहेर. एका वर्षी रीडिंग लिहिणारी मुलगी मराठवाड्यातली होती, दहावी-बारावीला तालुक्यात पहिली. जर्नल असं की इतर मुलं त्याच्या झेरॉक्स काढायची. ओरलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पॉवर सप्लायचं सर्किट तिच्यासमोर सरकवलं आणि म्हणाले, "रिपल दाखव." रिपल म्हणजे सप्लायच्या व्होल्टेजमध्ये उरलेला चढउतार. त्याचं सूत्र तिनं घडाघडा सांगितलं. मग प्रोब उचलला आणि तो कुठे लावायचा हे तिला कळेना. ग्राउंडची क्लिप हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षं ती माझ्याच लॅबमध्ये बसत होती!

ती नापास झाली नाही. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, सगळ्यांबरोबर एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. पण सर्किट करायला आलेली मुलगी सर्किटला हात न लावता बाहेर पडली, आणि यात माझीही चूक होती. पुढच्या वर्षापासून मी वीस-वीस मिनिटांनी टेबलावर जागा बदलायला लावायला लागले. मुलं वैतागायची. वैतागू देत.

त्या काळात आमच्या कॉलेजला नाव होतं. हुशार मुलांच्या गर्दीत मागे सरकणाऱ्या मुलांचं काय होतं, हे त्या नावात कुठेच येत नाही. नाव पहिल्या दहांच्या जोरावर होतं, आणि ती दहा मुलं कुठेही गेली तरी चमकलीच असती. म्हणून मी पालकांना सांगते, कॉलेज जोखायचं ते मधल्या मुलांवरून. साठांच्या वर्गात पंचविसावा ते पस्तिसावा नंबर असलेली मुलं चौथ्या वर्षाअखेर कुठे असतात? तुमची मुलगी नावाजलेल्या कॉलेजात गेली तर मार्कांच्या हिशेबानं ती याच गटात असेल, कदाचित त्याच्याही खाली. आणि शाखा अशी, जी तिनं मागितलेलीच नाही. काही मुलं अशा गर्दीत उसळून वर येतात. तुमची मुलगी तशी असेल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. घरातल्यांना हे बरोबर माहीत असतं, फक्त कबूल करायला जड जातं.

नावडत्या शाखेचा एक व्यावहारिक तोटाही मामांच्या कानावर घाला. बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना अट घालतात, साठ टक्के हवेत आणि एकही केटी, म्हणजे नापास झालेला विषय, शिल्लक नको. कंपनी कॉलेजात आली तरी यादीत नाव बसायला हे लागतंच. मन नसलेल्या विषयात दोन केट्या साचल्या की तो नावाजलेल्या कॉलेजचा फायदा जातो, नुसती फी राहते. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, या आशेवर तर मुळीच जाऊ नका. रिकाम्या जागा मोजक्या आणि त्या मागणारे वर्गातले पहिले नंबर.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी ताजा कलम म्हणून एक ओळ होती. विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर बंद पडला, तेव्हा मुलीनं तो उघडला, रिले जळालाय हे शोधलं, आणि बार्शीतून नवा रिले आणून बसवला. ही ओळ तुम्ही सगळ्यांत वर लिहायला हवी होती. अशा मुलीला मेकॅनिकल जमणार नाही असं नाही. पण प्रोब तिच्या हातात पडला पाहिजे.

आता दुसऱ्या कॉलेजाची झडती. 'आवडलं' या शब्दावर मी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. माझ्या भाचीनं एक कॉलेज निवडलं ते कॅन्टीन आणि दोन मैत्रिणी बघून. सहा महिन्यांत मैत्रिणींचं आणि तिचं बिनसलं, कॅन्टीन तेवढं राहिलं. मुलीला विचारा, काय आवडलं? "लॅब असिस्टंटनं स्वतःहून लॅब दाखवली, मुलं काहीतरी सोल्डर करत होती," असं उत्तर आलं तर ठीक. "कॅम्पस हिरवा आहे," असं आलं तर पुन्हा जाऊन या.

आणि जायचं ते कॉलेजनं बोलावलेल्या दिवशी नाही. त्या दिवशी रांगोळी असते, चहा-बिस्किट असतं आणि सीआरओवरची कव्हरं काढलेली असतात. साध्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला जा. विभागाच्या जिन्यात उभे राहा. लॅबला कुलूप आहे की आत मुलं आहेत? ब्रेडबोर्डवर अर्धवट सोडलेली सर्किटं दिसतात का? सगळं फार चकाचक असेल तर मला शंका येते, वापरातल्या लॅबमध्ये वायरींचे तुकडे पडलेले असतात. मग गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात थांबा. दुसऱ्या वर्षाची दोन मुलं तिथे भेटतीलच. त्यांना "कॉलेज कसं आहे?" विचारू नका, "चांगलं आहे" म्हणतील. विचारा, "या सेमिस्टरला किती विषयांचे शिक्षक मध्येच बदलले?" "प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती जण?" उत्तर लगेच येतं.

शिक्षकांची यादी वेबसाइटवर असते. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमानं प्रत्येक कॉलेजला ही माहिती जाहीर करावी लागते. यंदाची आणि जुनी यादी मिळाली तर शेजारी ठेवून बघा. निम्मी नावं बदलली असतील तर पगार वेळेवर होत नसावेत, असा माझा अनुभव. नियम वीस मुलांमागे एक शिक्षक असा आहे. २०२४ पासून शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठल्यामुळे बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या आहेत. त्यासाठी दुसऱ्या विभागांतले शिक्षक आणि खोल्या तिकडे वळवतात का, हेही विचारा. इलेक्ट्रॉनिक्सची लॅब दिवसातून चार तास पायथॉनच्या तासाला दिलेली मी पाहिली आहे.

प्लेसमेंटच्या पत्रकातला 'हायेस्ट पॅकेज' हा एका मुलाचा आकडा असतो, तो बघूच नका. 'पंचाण्णव टक्के' लिहिलं असेल तर कशाच्या पंचाण्णव? पुष्कळदा पात्र ठरलेल्या आणि नाव नोंदवलेल्या मुलांच्या. शाखेची पूर्ण यादी मागा, मधला आकडा मागा. देत नसतील तर तेही एक उत्तरच. तुमच्यासाठी याहून मोठा प्रश्न इंटर्नशिपचा, कारण घरात ओळखी नाहीत. भोसरी, चाकणला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना काम देणारे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी विभागातली किती मुलं तिथे गेली, आणि त्यांना पाठवलं कुणी? एखाद्या सरांचं नाव पटकन पुढे आलं तर त्यांना भेटून या. सगळ्यांनी इंटर्नशिप 'ऑनलाइन' केली असं कळलं, तर मात्र मी मामांच्या बाजूला जाईन.

राहण्याचं बघून ठेवा. कडेच्या कॉलेजला शहरातून रोज जायचं तर पीएमपीची बस आणि वर चालणं, यात दिवस जातो. कॉलेजचं मुलींचं वसतिगृह आवारातच असेल तर उत्तम, पण गेट किती वाजता बंद होतं ते विचारा. लॅब आठपर्यंत उघडी आणि वसतिगृहाचं गेट सातला बंद, असा विनोद मी पाहिला आहे. बाहेर कॉट बेसिसवर राहायचं ठरलं तर खोली बघायला आईला घेऊन जा, आणि महिन्याच्या डब्याचे पैसे भरण्याआधी तिथे दोन दिवस जेवून बघा.

नाटक, रोबोकॉनसारखी रोबोट बनवायची स्पर्धा असलं काही तिला करायचं असेल तर ते क्षुल्लक समजू नका. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत दोन महिने घालवलेली मुलं मुलाखतीत अडखळत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघितलं आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा. कॉलेज स्वतः भरतं ती संस्थास्तरावरची जागा घेतली तर माफी नाही. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस हे तुमच्याकडेच. उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलला टाका, ऐनवेळी सर्व्हर बसतो. फी माफीच्या वेगळ्या जागा, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, यांचे कोड स्वतंत्र असतात आणि ते फॉर्ममध्ये वेगळे भरावे लागतात. उत्पन्न बसत असेल तर त्याच शाखेचा तो कोड साध्या कोडच्या वर टाका.

आता कटऑफ. तुम्ही पाहिलेला आकडा कदाचित तुमचा नसेल. पीडीएफमध्ये जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-ओ अशी अक्षरं असतात. शेवटचा एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीचा एल मुलींच्या जागांसाठी, जी सर्वसाधारण जागांसाठी. तुमची मुलगी बारावी बार्शीतून झाली, म्हणजे तिचं गृह विद्यापीठ सोलापूर. पुणे विद्यापीठाखाली पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात. त्यामुळे पुण्यातल्या कॉलेजांसाठी तिनं 'ओ'चे रकाने बघायचे, राज्यस्तरावरच्या जागा असतील तिथे 'एस'चे, 'एल' आणि 'जी' दोन्ही. पालक 'एच' बघून खूश होतात आणि पहिल्या फेरीत हिरमुसतात. यंदाची माहितीपुस्तिका मात्र नीट वाचा, बारीक नियम दरवर्षी हलतात.

फॉर्ममधला क्रम मिळण्याच्या शक्यतेनं लावायचा नाही, आवडीनं लावायचा. न मिळणारं कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. नावाजलेल्या कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स कठीण दिसत असलं तरी पहिल्या नंबरावर तेच टाका, त्यावर तर मामांचं आणि मुलीचं भांडणच नाही. त्याखाली, झडतीत पास झालं तर, कडेचं कॉलेज, मग आणखी चार-पाच ठिकाणचं इलेक्ट्रॉनिक्स, आणि मग मेकॅनिकल. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून तिथे जायचंच नाही असं काहीही वर ठेवू नका.

ही यादी आधी मुलीला एकटीला कागदावर लिहू द्या. मग तुम्ही बघा. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढून प्रत्येक कोडवर बोट ठेवून तपासा. एका मुलाचा एक आकडा चुकला आणि त्याला सिव्हिल लागलं होतं. आणि हे तपासत असताना मामांना फोन लावू नका, निकाल लागल्यावर लावा.